तळाचं पाणी

अकराशे डिलाइट, एकाहत्तरची.
टोचन करून रबाळ्याला आणली तेव्हा
चारही टायर बसलेले, बोनेटखाली घुशीचं घर,
आणि टाकीचं झाकण फिरवलं तर वास पेट्रोलचा नाही,
जुन्या फळ्यांना फासतात त्या रोगणाचा,
आंबट, घशाशी येणारा.

"साकर टाकलीन त्याने," जोमाशेठ म्हणाले.
"मना ठाव हाय."

त्याने म्हणजे चाहूने. धाकट्याने.
गोठिवलीत भिंतीला भिंत.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड निघाला,
आधी सही कोणाची यावरून फाटलं,
आणि त्याच आठवड्यात ही गाडी
घणसोलीच्या नाक्यावर आचके देत बंद पडली.
तेव्हापासून बारा वर्षं ताडपत्रीखाली.
बारा वर्षं एका घरच्या हळदीला दुसरं घर नाही.

मी काही बोललो नाही.
गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाच्या घरात पाना घालू नये.

टाकी उतरवली. नट गंजून एकजीव, तीन कापावे लागले.
निघालं ते लोणच्याच्या बरणीत धरलं
(बायकोची बरणी, तिला न विचारता)
आणि स्टुलावर ठेवून दिलं.
दहा मिनिटांत आपोआप वाटणी झाली:
वर कोऱ्या चहाच्या रंगाचं पेट्रोल,
खाली गढूळ पाणी,
मध्ये रेघ, मोजणीदाराने ओढावी तशी.

सांगितलं, शेठ, साखर पेट्रोलात विरघळत नाही.
पाण्यात विरघळते.
टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केली की
उरलेल्या अर्ध्यात खाडीवरची हवा राहते,
रात्री तिचा पत्र्याला घाम येतो.
साखर असलीच तर या तळाच्या पाण्यात असेल.

नळीने वरचं काढून घेतलं.
जोमाशेठनी करंगळी बुडवली
आणि फैजान "अंकल, नको" म्हणेपर्यंत जिभेला लावली.
लगेच थुंकले नाहीत.
पारसिकच्या डोंगराकडे बघत राहिले,
कालवणात मीठ बघावं तसे.
"गोर नय," म्हणाले.
मग पुन्हा बुडवली.

टाकीत दोन किलो बारीक खडी, चिंचेचा कोळ, कढत पाणी.
समोरच्या साइटवरच्या मुकादमाला शंभर रुपये देऊन
ती काँक्रीटच्या मिक्सरला बांधली, तीन तास फिरवली.
आवाज असा की चहावाला शेगडी सोडून आला.
पहिल्यांदा निघालं ते काळं, मग विटकरी,
मग पानाच्या पिंकेसारखं,
पाचव्यांदा कुठे पाणी पाण्यासारखं.

कार्बोरेटरचे जेट मी कोणाकडे देत नाही.
फुंकायचे, उजेडाला धरायचे.
भोक एवढं की मुंगी अडेल.
तार घालायची नाही, घाई असली तरी.
भोक वाढतं, मग गाडी जन्मभर जास्त पिते.

पंप शेवटी उघडला.
आतला पडदा वाळल्या बोंबलासारखा ताठ, कडेला चीर,
आणि चिरेच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या.
म्हणजे गाडी चालती होती तेव्हाची.
तळहातावर ठेवून दाखवला.
"केवढ्याचा?"
"अडीचशे."
"तवा?"
"तेव्हा शंभर-सव्वाशे असेल."
त्यांनी तो रुमालात गुंडाळून खिशात घातला.
बरणीपण मागितली, पाण्यासकट.
बरणीचे पैसे मी लावले नाहीत. घरी काय सांगायचं ते बघू.

चौथ्या स्टार्टरला उठली.
धूर निळा, मग पांढरा, मग नुसती थरथर,
तापातून उठलेल्या माणसाची असते तेवढी.
म्हटलं, फिल्टर काचेचा टाकलाय, दर रविवारी बघा,
लाल दिसेल अजून काही दिवस,
कितीही धुतलं तरी सांध्यांत राहतंच.

ते ऐकत नव्हते.
बाजूच्या सीटवर बरणी ठेवली होती
आणि तिला लावायला बेल्ट शोधत होते.

एकाहत्तरच्या गाडीला बेल्ट नसतो.